सुटलेल्या वाक्यासाठी रायपूरला

रायपूरला मी तीन वेळा गेलो आहे. पहिल्या दोन खेपांना माझ्या हातात तात्यासाहेबांची बॅग होती. यंदा कार्तिकात गेलो तेव्हा बॅग माझी होती आणि कामही माझेच होते.

तात्यासाहेबांविषयी येथे थोडक्यात सांगतो; विस्तार पुस्तकात येईल. वर्ध्याकडील एका खेड्यातल्या पोस्टमास्तरांचे ते चिरंजीव. नगरपालिका, विधानसभा आणि नंतर दिल्ली, असा त्यांचा प्रवास. केंद्रात त्यांनी तीन खाती सांभाळली. वक्ते म्हणून ते सामान्य होते. पोस्टमास्तरांच्या घरात वाढल्यामुळे अल्पबचत हा त्यांचा आवडता विषय होता, आणि सभा कशाचीही असो, कुस्त्यांच्या बक्षीससमारंभाची का असेना, ते चाळीस मिनिटे अल्पबचतीवर बोलत. तरीही लोक त्यांना मानीत. हा माणूस बोलला की करतो, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीनेच त्यांना दिल्लीत नेले. तिची सुरुवात छत्तीसगडातल्या एका लहान पुलापासून झाली.

मी एकतीस वर्षे त्यांचा लघुलेखक होतो. गेल्या वर्षी ते वारले. त्यांचे चिरंजीव विनायकराव यांनी चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले. तीन प्रकरणे सरळ झाली. चौथे त्या पुलाचे. तेथे मी थांबलो.

कारण असे. चाळीसेक वर्षांपूर्वी, छत्तीसगड वेगळे राज्य नव्हते तेव्हा, पक्षाने तात्यासाहेबांना एका पोटनिवडणुकीच्या प्रचारासाठी तिकडे पाठवले. अभनपूरच्या पुढे बेलडीह नावाचे गाव आहे. गावाला वेढून एक नाला वाहतो. तेथे सभा झाली. तात्यासाहेब मराठी वळणाची हिंदी बोलत, गावाची बोली छत्तीसगडी. म्हणून एक स्थानिक शाळामास्तर त्यांचे बोलणे तुकड्यातुकड्याने छत्तीसगडीत सांगत होते. मी मंचाखाली बसून तात्यासाहेबांचा शब्दन् शब्द टिपत होतो. दुसऱ्या दिवशी रायपूरच्या वर्तमानपत्रात बातमी आली की, तात्यासाहेबांनी नाल्यावर पूल बांधून देण्याचे आणि त्यावरून स्वतः चालत येण्याचे वचन दिले. माझ्या वहीत असे वाक्य नव्हते.

त्याच सकाळी सर्किट हाऊसवर तात्यासाहेबांनी मला वही घेऊन बोलावले. सबंध भाषण वाचून घेतले. मग म्हणाले, "एक वाक्य तुमच्याकडून सुटलेले दिसते. घालून घ्या." मी ते समासात लिहिले. आयुष्यभरात मी न ऐकता लिहिलेले ते एकच वाक्य.

त्यानंतर संसदेतील लघुलेखकांच्या जागेसाठी अर्ज करण्याची संधी मला आली होती. ज्याच्या हातून असे वाक्य सुटते त्याने तेथे बसू नये, असे माझे मत झाले. मी अर्ज केला नाही. तात्यासाहेबांनी कारण विचारले तेव्हा हेच सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि पुढचे पत्र सांगू लागले.

ते वाक्य कोणत्या शब्दांत उच्चारले गेले आणि मी त्या क्षणी काय करीत होतो, हे कळल्याशिवाय प्रकरण लिहिणे मला शक्य नव्हते. दुभाष्याचे काम केलेले मास्तर हयात आहेत, असा शोध लागला. मी त्यांना पत्र टाकले. उत्तर फोनवर आले. "पत्र काहून लिहिता जी? येऊनच जा ना!"

समता कॉलोनी

श्री. गजाननराव मुळे ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते स्वतः स्टेशनवर आले होते. मला त्यांनी लांबूनच ओळखले.

"तुम्ही अगदी तसेच आहात," ते म्हणाले. "चेहरा नाही. चेहरा बदलला. तोंड मिटून उभं राहायची पद्धत तीच आहे."

त्यांचे घराणे भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात पूर्वजांची तलवार नाही. असती तर पहिल्या पाच मिनिटांत मला दाखवली गेली असती. समता कॉलोनीत खाली सूनबाईंचा दातांचा दवाखाना आणि वर घर, अशी रचना आहे. मुलगा कामानिमित्त परगावी होता. सूनबाई अर्चनाताई या बिलासपूरच्या. मराठी सगळे कळते, उत्तर मात्र हिंदीत देतात. सासूबाई मराठीत बोलतात, सून हिंदीत, आणि दोघींचे भांडणसुद्धा असेच दोन भाषांत सुरळीत चालते. आमच्या नागपुरात एका भाषेतही इतके सुरळीत चालत नाही.

गजाननरावांच्या पत्नी कुसुमताई यांनी माझ्यासमोर एक ताट ठेवले.

"ही ठेठरी. आमच्याकडं सणाले करते. तुमच्यासाठी आजच केली."

ठेठरी हा बेसनाचा तळलेला पदार्थ. आपल्या कडबोळ्याची थोरली आणि अधिक करारी बहीण म्हणावी. मी एक उचलली आणि चावली. आवाज झाला. ठेठरी अखंड होती. माझी वरची कवळी मध्यावर दुभंगली होती.

"बाप्पा!" कुसुमताई म्हणाल्या.

"पाहुण्यांचे दात पाडले तू," गजाननराव म्हणाले. "बारा तास नाही झाले येऊन."

"एक तास नाही झाला. अन् मी पाडले का? ठेठरीनं पाडले."

अर्चनाताई दवाखान्यातून वर आल्या. दोन्ही तुकडे त्यांनी हातात घेऊन उजेडात पाहिले. "काकाजी, ये तो लैब भेजना पड़ेगा. कल शाम तक मिल जाएगा. तब तक बोलिए मत, नीचेवाला भी हिल रहा है."

खालची कवळीही काढून घेण्यात आली. मी चारशे कोसांवरून नव्हे, पण नागपुराहून प्रश्न विचारायला आलो होतो, आणि आता मला एक शब्द स्पष्ट बोलता येत नव्हता. आरशात पाहिले. पाहायला नको होते.

रात्रीच्या जेवणात मला ताकातला मऊ भात आणि लाल भाजी मिळाली. या लोकांकडे पालेभाज्यांची जी संख्या आहे ती आमच्या वऱ्हाड-नागपुरात नाही. आम्ही मेथी, पालक, अंबाडी, चवळी इतक्यावर थांबतो. येथे कुसुमताई तासभर भाज्यांची नावे सांगत होत्या आणि प्रत्येक नावामागे गजाननराव "अन् ते राहिलंच" असे म्हणून आणखी एक घालीत होते.

मी खिशातून कागद काढून लिहिले: 'बेलडीहच्या सभेविषयी विचारायचे आहे.'

गजाननरावांनी वाचले. कागदाची घडी घातली. "उद्या," ते म्हणाले. इतका बोलका माणूस एका शब्दावर थांबला, याची मी नोंद घेतली.

गोल बाजार

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंना कांस्याची थाळी घ्यायची होती. गजाननरावांनी मला बरोबर घेतले. घरी सांगण्यापेक्षा बाजारात सांगणे त्यांना सोपे वाटत असावे. गोल बाजारात कापड, भांडी, पूजेचे साहित्य, सगळे शेजारी शेजारी आहे. गल्ल्या अरुंद, आणि त्यांतून स्कूटर, गाय आणि नवरी एकाच वेळी जाऊ शकतात. मला तिन्हींचा धक्का लागला.

कांस्याची थाळी घेण्याची येथील रीत मला नवी होती. कुसुमताई थाळी एका बोटावर तोलून धरीत, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने काठावर टिचकी मारीत आणि डोळे मिटून आवाज संपेपर्यंत ऐकत. आवाज मध्येच तुटला तर थाळी परत. दुकानदार हा मध्यमवयीन, धीराचा गृहस्थ होता. त्याने मला आणि गजाननरावांना स्टूल दिले. "बैठिए गुरुजी. दीदी को टाइम लगेगा."

मी चिठ्ठी लिहिली: 'पुलाचे वाक्य तात्यासाहेबांनी नेमके कोणत्या शब्दांत उच्चारले?'

गजाननरावांनी चिठ्ठी वाचली आणि पत्नीकडे पाहिले. कुसुमताईंनी हातातली थाळी खाली ठेवली नाही.

"सांगून टाका आता," त्या म्हणाल्या. "शब्द ज्याले दिला तो माणूस गेला. तुम्ही काय सोबत घेऊन जाता का?"

"उच्चारलंच नाही जी," गजाननराव म्हणाले.

मी लिहिले: 'मग कोणी?'

त्यांनी आपले बोट स्वतःच्या छातीवर ठेवले.

दुकानदाराने रेडिओ बंद केला.

"ऐका," गजाननराव म्हणाले. "पाऊस उतरणीला लागला होता, पण नाला भरून वाहून राहिला होता. मी अभनपूरच्या शाळेत मास्तर. बेलडीहचे पोट्टे दोन दोन महिने शाळेत येत नव्हते, येतील कसे? त्या दिवशी सगळं गाव जमलं. साहेब सुरू झाले डाकघरावर. पंधरा मिनिटं डाकघर. वीस मिनिटं डाकघर. मी सांगून राहिलो, लोक जांभया देऊन राहिले. मग साहेब म्हणाले, बूँद-बूँद से तालाब भरता है. मी सांगाले तोंड उघडलं, तेवढ्यात बायांमधून एक आवाज आला. 'पानी के बात झन कर गुरुजी, पुल के बात कर!' पाण्याचं नको बोलू, पुलाचं बोल."

"फिर?" दुकानदाराने विचारले.

"फिर क्या. माझ्या तोंडातून निघालं. बाबूजी कहत हे, अवइया बछर ए नरवा म पुल बनही, अउ मैं ओकर ऊपर ले रेंगत आहूँ." त्यांनी हे सभेत बोलावे तसे म्हटले. पलीकडच्या कापडदुकानातून दोन माणसे डोकावली. मला अर्थ कळावा म्हणून ते हळू आवाजात म्हणाले, "येत्या वर्षी या नाल्यावर पूल होईल, अन् मी त्याच्यावरून चालत येईन. टाळ्या अशा पडल्या जी, की मंचाची कनात हलली."

माझ्या वहीत त्या जागी काय आहे, ते मला पाठ होते. 'बूँद-बूँद से तालाब भरता है', आणि पुढे कंसात 'प्रचंड टाळ्या'. 'टाळ्या' मी पुष्कळदा लिहिले आहे. 'प्रचंड' क्वचितच लिहिले. एका म्हणीला गावाने इतक्या टाळ्या का दिल्या, याचा उलगडा मला कधी झाला नव्हता. आणि मी त्या क्षणी काय करीत होतो, हेही आता कळले. पेन्सिलीला टोक काढीत होतो. दुभाषा बोलू लागला की लघुलेखकाचा हात थांबतो. हात थांबला की त्याचा कानही थांबतो.

म्हणजे माझ्याकडून वाक्य सुटले नव्हते. चाळीस वर्षांनी गोल बाजारातल्या एका स्टुलावर मला हे कळले. मी जागेवर थोडा सरळ बसलो.

मग पुढची चिठ्ठी लिहिली: 'तात्यासाहेबांना हे कळले होते का?'

"कळलं म्हणजे? दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावणं आलं. पेपर त्यांच्या मांडीवर. मले म्हणाले, 'मास्तर, काल मी काय बोललो?' सरकारी मास्तर मी. नेत्याच्या तोंडी आपला शब्द घातला, म्हणजे बदली थेट बस्तरच्या जंगलात. पण खोटं नाही बोललो. सांगितलं सगळं. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. नाला किती रुंद आहे, पोट्टे किती आहेत, हे विचारलं. मग म्हणाले, 'ठीक. म्हणजे मी बोललो. आता हे तुमच्या-माझ्यात. बाहेर गेलं तर तुमची बदली होईल, माझं हसं होईल अन् पूल राहून जाईल.' मी शब्द दिला."

"अन् त्याच दिवशी मले सांगितलं," कुसुमताई म्हणाल्या.

"बायकोले सांगणं म्हणजे सांगणं नसते."

मी लिहिले: 'किती वाजता बोलावले होते?'

"सात-साडेसातले. निघालो तर तुम्ही व्हरांड्यात वही घेऊन उभे होते. मी नमस्कार केला. तुम्ही पाहिलं बी नाही."

मला तो नमस्कार आठवला. पाहिला होता, उत्तर दिले नव्हते. त्यांच्यामागून मीच आत गेलो होतो. म्हणजे 'एक वाक्य तुमच्याकडून सुटलेले दिसते' असे तात्यासाहेब म्हणाले, तेव्हा त्यांना सर्व ठाऊक होते. पुढे अर्ज न करण्याचे कारण मी सांगितले, तेव्हाही ठाऊक होते. तेव्हा पूल बांधून झाला होता. "बरं" म्हणण्याऐवजी दुसरे काही म्हणता आले असते.

गजाननरावांना यातले काही माहीत नव्हते. "काय झालं जी?" त्यांनी विचारले. मी एका चिठ्ठीवर चार ओळींत लिहून दिले. त्यांनी वाचून ती कुसुमताईंकडे दिली. कुसुमताईंनी वाचली. थाळी खाली ठेवली.

"म्हणजे यांची बदली वाचली, ते तुमच्या माथी मारून?"

"मले कोणीच नाही सांगितलं," गजाननराव म्हणाले. चिठ्ठी परत घेऊन त्यांनी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझी बदली टळली, अन् तुमची दिल्लीले व्हायची ती झालीच नाही."

दुकानदार उठला. "चाय मँगाता हूँ," तो म्हणाला. "दीदी, आप थाली ले जाइए, जो आपको ठीक लगे."

"चाय पी लूँगी," कुसुमताई म्हणाल्या. "थाली अभी नहीं. आवाज टूटता है."

बेलडीह

कवळी त्याच संध्याकाळी मिळाली. जोड दिसत नव्हता. मी अर्चनाताईंचे आभार मानले. "बोलकर दिखाइए," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बेलडीहला जायचे आहे."

सकाळी त्यांनी दवाखाना बंद ठेवला आणि आम्हा तिघांना गाडीतून नेले. अभनपूरच्या पुढे दोन्ही बाजूंनी कापणीला आलेले धान. आमच्याकडे या दिवसांत कपाशी फुटते, शेत पांढरे दिसते; येथे नजर जाईल तेथवर पिवळे. बायका ओळीने वाकून कापीत होत्या आणि वाकूनच गप्पा मारीत होत्या. वाटेत एका टपरीवर आम्ही फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाची ही वाफवलेली वळकटी कवळीला अत्यंत सोयीची आहे. पहिल्याच दिवशी हीच का दिली नाही, असे मी कुसुमताईंना विचारले.

"पाहुण्याले फरा देते का कोणी?" त्या म्हणाल्या. "फरा घरच्या माणसाले."

पूल लहान आहे. आता त्याच्या पुढे आणखी मोठा रस्ता झाला आहे आणि बहुतेक गाड्या तिकडून जातात. जुन्या पुलावर धान वाळत घातले होते आणि कठड्यावर एक वृद्धा पाय सोडून बसली होती. गजाननरावांना पाहताच तिने पदर सावरला. "आ गुरुजी! अभी ले जियत हस?" अजून जिवंत आहेस का, असे विचारण्याची ही येथली आपुलकीची पद्धत आहे. तिचे नाव रामबती. सारे तिला दाई, म्हणजे आई, म्हणतात.

"हव, जियत हौं," गजाननराव म्हणाले. "अउ पाहुना लाने हौं. ए ह ओ सभा म लिखत रिहिस." त्या सभेत लिहिणारा तो हाच, अशी माझी ओळख झाली.

दाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. मग हसू लागली. "अरे, ओ मुड़ी गड़ियाए बइठे रिहिस, ओ? हमन सोचेन, पुलिस के आदमी हे!"

मान खाली घालून बसलेला तो मीच. गजाननरावांनी तिचे बोलणे मराठीत सांगितले. मी विचारले, "भाषांतर मुळाबरहुकूम आहे ना?"

अर्चनाताई इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. गजाननराव म्हणाले, "शपथ घेऊ का?"

त्या दिवशी बायकांमधून कोण ओरडले होते, हे मी विचारले. दाईने स्वतःचा दंड थोपटला. "मैंच तो चिल्लाए रेहेंव!" तिचा नवरा तिला गप्प बस म्हणत होता. पण तिच्या दोन्ही मुली पलीकडच्या शाळेत होत्या, आणि नाला भरला की घरी बसत.

"मग बाबूजींनी पुलाचे वचन दिले, तेव्हा तुम्हाला काय वाटले?"

दाईने गजाननरावांकडे पाहिले. गजाननराव पायाखालच्या धानाकडे पाहू लागले.

"बाबूजी कहाँ कहिस?" ती म्हणाली. "हमन हिंदी थोर-बहुत समझत रेहेन. ओ तो डाकघर-डाकघर कहत रिहिस. पुल के नाव घलो नइ लिस. गुरुजी अपन मन ले कहिस." बाबूजींनी पुलाचे नावही घेतले नव्हते; गुरुजी आपल्या मनाचे बोलले.

"तुमन ल पता रिहिस?" गजाननरावांचा आवाज चिरकला. "सब ल?"

"सब ल." सगळ्यांना.

"मग टाळ्या का वाजवल्या?" मी विचारले.

या उत्तराला दुभाष्याची गरज पडली नाही. दाई सावकाश, लहान मुलाला सांगावे तसे म्हणाली, "जोर से ताली बजाबो, त बड़े आदमी मुकरही कइसे?"

आम्ही टाळ्या जोरात वाजवल्या, तर मोठा माणूस शब्दाला नाही कसा म्हणेल. सबंध गावाने हे त्या क्षणी ठरवले आणि नंतर चाळीस वर्षे कोणाजवळ बोलले नाही. गुरुजींना वाटे, आपण एकट्याने गुपित सांभाळले. तात्यासाहेबांना वाटे, ते दोघांतच आहे. ज्याला काही माहीत नव्हते असा त्या सभेत एकच मनुष्य होता, आणि त्याला शब्दन् शब्द लिहिण्याचे वेतन मिळत होते.

"अउ आइस घलो," दाई सांगत होती. उद्घाटनाला बाबूजी आले, धूळ नको म्हणून नव्हे, नवस फेडावा तसे जोडे काढून पुलावरून चालत आले. हे मला माहीत होते. जोडे माझ्या हातात होते. मला माहीत नव्हते ते पुढचे. पलीकडे पोचल्यावर त्यांनी बायकांच्या घोळक्याकडे पाहून विचारले होते, "अब पानी की बात करूँ?" आणि पुन्हा चाळीस मिनिटे अल्पबचतीवर बोलले.

"ओ दिन हमन पूरा सुनेन," दाई म्हणाली. "एको झन नइ उठिस."

एकही जण उठला नाही. तात्यासाहेबांच्या भाषणाविषयी असे विधान मी प्रथमच ऐकले. वहीत लिहून घेतले, आणि लिहिताना मान वर ठेवली.

दाईने आम्हाला जाऊ दिले नाही. घरी नेऊन बासी खाऊ घातली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा, मीठ, मिरचीबरोबर खातात, ती बासी. शिळ्या भाताला आम्ही फोडणी देऊन त्याचे शिळेपण झाकतो. हे लोक झाकीत नाहीत. चव चांगली होती. मी दुसऱ्यांदा घेतली. कुसुमताईंनी हे अर्चनाताईंना डोळ्याने दाखवले, असे मला वाटले.

परतताना गजाननराव खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "लिहून टाका जी, सगळं. माझं नाव घालून. आता माझी बदली कुठं होणार? वरच होईल."

"घातलंच पाहिजे," कुसुमताई म्हणाल्या. "अन् तुमचं बी."

वरती बदली होण्याआधी प्रकरणाची एक प्रत पाठवीन, इतके कबूल केले.

नागपूर

चौथे प्रकरण आठ दिवसांत लिहून झाले. दुभाष्याचे नाव घातले, दाईचे घातले. वहीतले भाषण जसेच्या तसे दिले. समासातले वाक्य समासातच ठेवले आणि ते कोणाच्या सांगण्यावरून तेथे आले, हे एका परिच्छेदात लिहिले. विनायकरावांना प्रत पाठवली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"काका, यात बाबा लहान दिसतात हो."

"पूल त्यांनी बांधला, हेही लिहिले आहे," मी म्हणालो. "दिलेला शब्द पाळणारे मी पुष्कळ पाहिले. न दिलेला शब्द पाळणारे ते एकच."

"ते मला पटलं. ते राहू द्या. पण तुमच्याबद्दलचा तो परिच्छेद? बाबांनी तुम्हाला खोटं सांगितलं, असा अर्थ निघतो त्यातून."

"तोच अर्थ आहे."

"लोक बाबांचं चरित्र वाचणार, काका. त्यात हे एवढंसं... पुलापुढे ते काय आहे? काढता नाही का येणार?"

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पुलापुढे ते लहानच आहे. त्या पुलावरून दाईच्या दोन्ही मुली शाळेत गेल्या. तात्यासाहेबांनी मला विचारले असते, तर मी ते वाक्य आनंदाने माझ्या नावावर घेतले असते. त्यांनी विचारले नाही.

"विनायकराव," मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी सांगितले म्हणून मी एक वाक्य घातले. तुम्ही सांगता म्हणून एक काढणार नाही."

मग ते हसले. ते हसणे थेट वडिलांचे आहे. हे पूर्वी माझ्या लक्षात आले नव्हते.

"मग तसंच जाऊ द्या," ते म्हणाले.

प्रकरण त्याच दिवशी छापखान्यात गेले. मुद्रिते मी स्वतः दोनदा तपासली. काही सुटलेले नाही.